तिनं बरोबर वाचलेल्या पट्ट्या

गेल्या वर्षी डिचोलीत एका लग्नाला गेलो होतो. हॉलमध्ये पंख्याखालची खुर्ची शोधत होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "सर, ओळखलंत?"

ओळखलं. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता, पण मान किंचित पुढे काढून बघायची सवय तीच होती. एकेकाळी ही मुलगी माझ्या प्रयोगशाळेत संशोधन करत होती. माझी पहिली विद्यार्थिनी, आणि शेवटचीही. तिच्यानंतर मी कुणाला घेतलं नाही.

आम्ही शेजारी बसलो. तिची सगळी नोकरी पाळी गावच्या प्राथमिक शाळेत झाली होती, आता निवृत्त होती. मी विचारलं, "विज्ञान शिकवलं असशील?"

"छे हो सर. मराठी आणि चित्रकला. विज्ञान मीच सांगून दुसऱ्या बाईंना द्यायला लावलं. मुलांना उगाच चुकीचं शिकवायला नको."

एखादी बाई 'मला पोहता येत नाही' म्हणते, तशी ती हे म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. मग तिच्या मोबाइलवर कुणाचा तरी निरोप आला. तिनं तो वाचला आणि फोन शेजारच्या बाईपुढे धरला. "पाच वाजता असंच लिहिलंय ना गो?" पाच वाजताच लिहिलं होतं. मला माझ्या खुर्चीवरूनही दिसत होतं.

चष्म्यातून तिला नीट दिसत होतं. डोळ्यांवरचा तिचा विश्वास गेला होता, आणि तो कुणी घालवला हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं.

आमचं काम साधं करून सांगतो. शरीरात रासायनिक क्रिया घडवून आणणारी एन्झाइमं असतात. एकच एन्झाइम दोन उंदरांत किंचित वेगळ्या रूपात असू शकतं, आणि ते रूप आईबापांकडून येतं, केसांच्या रंगासारखंच. मात्र ते डोळ्यांना दिसत नाही. ते दिसावं म्हणून आम्ही बटाट्याचा स्टार्च शिजवायचो. आमच्याकडे नाचणीचं तिझण करतात तसा, सारखा ढवळत, गुठळी होऊ न देता. तबकात ओतून गार केला की त्याची जेली व्हायची. उंदराच्या मूत्रपिंडाचा अर्क कागदाच्या बारीक तुकड्यावर टिपून तो तुकडा जेलीत खोचायचा आणि वीज सोडायची. एन्झाइमचं एक रूप भरभर पुढे सरकायचं, दुसरं मागे राहायचं. शेवटी जेलीवर रंगाचं पाणी ओतलं की तपकिरी पट्ट्या उमटायच्या. आमच्या काळ्या जातीच्या उंदरांत पुढची पट्टी, पांढऱ्या जातीत मागची, आणि दोन्हींच्या संकरात दोन्ही पट्ट्या.

या संकराचा नर परत पांढऱ्या जातीच्या माद्यांबरोबर ठेवायचा. मग निम्मी पिल्लं पांढरी आणि निम्मी रंगीत निघतात. निम्म्यांत दोन पट्ट्या दिसतात, निम्म्यांत एकच. रंगाचा आणि पट्टीचा एकमेकांशी काही संबंध नसेल तर सगळ्या प्रकारची पिल्लं सारखीच निघतात. पण रंगाचा जीन आणि एन्झाइमचा जीन एकाच गुणसूत्रावर जवळ जवळ असतील तर ते बहुतेक वेळा जोडीनं पुढे जातात. पांढऱ्या पिल्लात एक पट्टी, रंगीत पिल्लात दोन. अशी पिल्लं मोजत मोजत तेव्हा जगभर उंदराच्या गुणसूत्रांचा नकाशा भरला जात होता. त्या नकाशात मला माझा एक ठिपका घालायचा होता.

मूत्रपिंड हवं म्हणजे उंदीर मारायला हवा. ते काम मी कधी आनंदानं केलं नाही, पण करत होतो. आमचं घर पेडण्याचं. घरात श्रावण लागला की मासळी बंद, ती सुरू व्हायची थेट गणपतीची चवथ झाल्यावर. मी घरी जाऊन माझ्या कामाचं वर्णन केलं तेव्हा आई साठवणीची मिरची निवडत होती. तिचा हात थांबला.

"उंदीर मारतोस? देवाचं वाहन ते."

"पांढरे उंदीर गो आई. परदेशातून आणलेले."

"देव काय रंग बघून बसतो काय त्याच्यावर?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पोटासाठी करतोस ते कर. पण श्रावणात नको. आणि चवथीत तर नकोच नको. इथं तो मूर्तीच्या पायाशी बसलेला असणार आणि मी त्याच्यापुढे दुर्वा ठेवणार, आणि तिकडे तू त्याचं पोट फाडणार. शब्द दे."

मी शब्द दिला. शास्त्रज्ञ झालो म्हणून आईला दुखवावं असं मला वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या दिवसांत हात लावायला नको वाटायचं.

पण श्रावण पाळणं उंदरांना माहीत नव्हतं. मी मारणं थांबवलं, जन्मणं थांबलं नाही. पिल्लं दूध सोडण्याएवढी झाली की त्यांतले नर वेगळ्या पिंजऱ्यात काढायचे असतात, नाहीतर ते वयात येऊन स्वतःच्या आईवरच चढतात. नेहमी मेलेल्यांचे पिंजरे रिकामे होत, तिथं मी नरांना हलवत असे. त्या वर्षी पिंजरे रिकामे झालेच नाहीत. नर आयांबरोबरच राहिले. थोडे दिवस तर आहेत, असं म्हणून मी चवथीला पेडण्याला निघून गेलो. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली, आरत्या केल्या, नेवऱ्या खाल्ल्या. विसर्जन होऊन परत आलो तेव्हा पिंजऱ्यांत नवी पिल्लं लवकरच येणार हे दिसत होतं.

ती कुणाची? काही खरोखरच संकरित नराची होती. काही त्या पांढऱ्या आयांची त्यांच्याच पांढऱ्या मुलांपासून झालेली होती. अशा पिल्लांना पांढरं होण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि त्यांतल्या बहुतेकांत पट्टीही एकच निघणार होती. पांढरा रंग आणि एकच पट्टी. म्हणजे नेमकी ती जोडी, जी मी शोधत होतो.

सगळी मोजली. पांढरी पिल्लं जास्त भरली. निम्मी-निम्मी असायला हवी होती. हे मला तेव्हाच दिसलं होतं. रंगीत पिल्लं नाजूक असतील, लहानपणीच मरत असतील, असं मी स्वतःला सांगितलं, आणि लेख छापायला पाठवला. या एन्झाइमचा जीन रंगाच्या जीनच्या गुणसूत्रावर आहे, असा. तो छापला गेला. छोट्याशा प्रयोगशाळेतून एवढं काम, म्हणून माझं कौतुक झालं. पिंजऱ्यांची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. चवथीमुळे चूक झाली हे बाहेर कसं सांगणार, अशी एक लाजही होती त्यात.

त्या लेखाच्या जोरावर मला ती विद्यार्थिनी मिळाली. आमोण्याच्या शेतकऱ्याची मुलगी. तेव्हा आमोण्याला पूल नव्हता. सकाळी फेरीबोटीनं मांडवी ओलांडून, पुढे बस पकडून ती यायची, आणि माझ्याआधी हजर असायची. तिला मी दिलेलं काम असं होतं: माझाच प्रयोग दुसऱ्या जातीचे उंदीर घेऊन परत करायचा आणि दोन जीनमधलं अंतर नक्की करायचं. अंतर निघेल याविषयी मला शंका नव्हती. माणूस आपल्याच थापेवर किती लवकर विश्वास ठेवायला लागतो, हे मला पुढे कळलं.

तिचा पहिला श्रावण आला तेव्हा मी म्हणालो, "या महिन्यात मी मारत नाही. तुझ्या घरी काय?"

"आमच्याकडे श्रावणात मासळी बंद असते सर," ती म्हणाली. "उंदीर तसेही कुणी खात नाही."

आम्ही दोघंही हसलो. तिचं काम थांबलं नाही, तिचे पिंजरे वेळेवर रिकामे झाले, तिचे नर वेळेवर वेगळे झाले.

आणि तिला ती जोडी सापडेना. रंगीत-पांढरी निम्मी-निम्मी, पट्ट्या निम्म्या-निम्म्या, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. ती बिचकली नाही. तिनं त्याच पिल्लांत आणखी एक एन्झाइम तपासलं, ज्याचा जीन वेगळ्याच गुणसूत्रावर आहे हे परदेशातल्या लोकांनी दाखवलं होतं. त्याच्याशी जोडी जमली, घट्ट. एके दुपारी ओली जेली तबकातच घेऊन ती माझ्या मेजापाशी आली.

"सर, हा जीन तिकडे नाही वाटतं. इकडे आहे."

मी बघत राहिलो. पट्ट्या इतक्या स्वच्छ होत्या की शंका घ्यायला जागाच नव्हती.

"आणखी एक विचारू? तुमच्या लेखात पांढरी पिल्लं जास्त आहेत. ती का असतील?"

तिनं हे सरळ विचारलं होतं. तिला मला पकडायचं नव्हतं, खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या क्षणी मला ते भरलेले पिंजरे आठवले, आणि माझी थाप मला पुरती कळली. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, अगो, माझी चूक झाली, तू तुझा लेख लिही. एवढ्या एका वाक्याचं काम होतं.

मी म्हणालो, "तुझ्या वाचनात काहीतरी गडबड आहे. आपण तपासून बघू."

दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या उंदरांचे नमुने घेतले. कुठल्या नळीत काय आहे ते मला माहीत होतं, तिला नव्हतं. जेली झाली, रंग चढला. ती वाकून एकेक पट्टी वाचत गेली: पुढची, दोन्ही, मागची, मागची, दोन्ही. तिनं सगळ्या बरोबर वाचल्या. एकही चुकली नाही.

मी म्हणालो, "काही चुकल्या आहेत."

तिचा चेहरा उतरला. "कुठल्या, सर?"

मी उगाच दोन-तीन ठिकाणी बोट ठेवलं. "इथं दोन आहेत. तू एकच वाचलीस."

ती परत वाकली. बराच वेळ बघत राहिली. चष्मा पुसला, खिडकीकडे तबक नेलं, उजेडात धरलं. मग हळूहळू तिनं मान हलवली. "हो सर. पुसट आहे, पण आहे दुसरी." तिथं दुसरी पट्टी नव्हती. मी सांगितल्यावर तिला ती दिसायला लागली होती.

त्यानंतर ती चार-सहा महिने राहिली असेल. प्रत्येक जेली ती मला दाखवायला आणायची, आधी स्वतः वाचेनाशी झाली. मी वाचायचो, ती लिहून घ्यायची. मग मीच तिला म्हणालो की सगळ्यांचा हात या कामाला बसतो असं नाही, त्यात कमीपणा नाही. मी हे गोड आवाजात म्हणालो. तिनं माझे आभार मानले. फेरीबोटीनं ती गेली ती परत आली नाही. पुढे लग्न होऊन पाळीला गेल्याचं कानावर आलं.

काही वर्षांनी ग्रंथालयात एका परदेशी मासिकात मी बघितलं: दुसऱ्याच कुणीतरी तो जीन नकाशावर बसवला होता. तिनं सांगितलेल्या गुणसूत्रावर, तिनं सांगितलेल्या शेजारच्या जीनपाशी. माझ्या लेखाचा उल्लेखही नव्हता. खोडून काढण्याइतकाही तो महत्त्वाचा नव्हता. विज्ञानाचं माझ्यावाचून काहीच अडलं नाही, बिघडलंही नाही. ते आपल्या वाटेनं नीट झालं. मी मासिक फडताळावर परत ठेवलं. पाळीचा पत्ता मिळवणं अवघड नव्हतं. मी मिळवला नाही.

पुढे प्रयोगशाळाच बंद झाली. उंदीर गेले, तबकं गेली. आई तर त्याआधीच गेली. मी पेडण्याला घरी येऊन राहिलो आणि म्हातारा झालो.

लग्नाहून आल्यावर मात्र झोप नीट लागेना. माझी सून उच्च माध्यमिकमध्ये जीवशास्त्र शिकवते. तिला मी फक्त एन्झाइमचं नाव सांगितलं. तिनं भाजी ढवळता ढवळता फोनवर शोधलं. "हा घ्या, बाबा. उंदराचा सगळाच नकाशा आहे इथं." जो भरण्यासाठी आम्ही पिल्लं मोजत होतो, तो सगळा एका बोटाखाली. मी तिला तेवढं पान कागदावर छापून आणायला सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात तो कागद घेऊन पाळीला गेलो. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, तिथून पुढची बस. तिकडच्या लोखंडाच्या खाणी बंद आहेत. पूर्वी त्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगा असायच्या आणि धुळीनं झाडं तांबडी दिसायची. आता झाडं हिरवी आहेत आणि दुकानं बंद.

तिच्या नवऱ्यानं दार उघडलं. खाणीच्या वजनकाट्यावर नोकरी केलेला, बोलका माणूस. "या, या सर! हिनं लग्नातनं आल्यावर सांगितलं तुमचं. बसा. पोदेर आत्ताच पाव देऊन गेला, उंडे गरम आहेत, चहाबरोबर घ्याल?" ती आतून आली, हात पुसत. मला बघून खरोखर आनंदली.

चहा आणला. माझ्या हातात कप देण्याआधी तिनं नवऱ्याला दिला. "साखर झाली काय बघा."

"तूच घातलीस ना?" तो मला म्हणाला, "सर, आमच्या घरात गॅस तीनदा बंद होतो. एकदा बाई बंद करतात, मग बाई बघतात, मग मला बघायला लावतात. निवडणुकीत तर मला म्हणते, माझं मत पडलं काय बघून या!"

ती हसली. मी हसू शकलो नाही. कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. श्रावण, पिंजरे, पांढरी पिल्लं. नळ्यांची परीक्षा. "तू सगळ्या बरोबर वाचल्या होत्यास. एकही चुकली नव्हती. मी खोटं बोललो."

नवऱ्याचं हसणं थांबलं. तो एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. ती म्हणाली,

"असं कसं, सर? ती दुसरी पट्टी मी स्वतः बघितली होती. पुसट होती."

"नव्हती."

"मी बघितली."

"मी सांगितलं म्हणून बघितलीस."

मी कागद पुढे केला. कुठलं गुणसूत्र, कुठला शेजारी, सगळं दाखवलं. तिनं तो वाचला, मग नवऱ्याकडे दिला, त्यानं काही न कळता मान हलवली. ती म्हणाली, "जुळलं असेल, सर. चुकत चुकत कधी कधी बरोबर उत्तर येतं. मुलांचंही येतं. आपण त्याला गुण देत नाही."

"अगो, तू चुकली नव्हतीस."

तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "सर, तेव्हा चुकलं म्हणून तुम्हीच सांगितलं. आज बरोबर होतं म्हणूनही तुम्हीच सांगता. मी काय धरू? तुम्ही लांबून आलात, मला बरं वाटावं म्हणून. पण मी चुकले होते, याच्यावरच मी आता उभी आहे ना सगळी. ते काढून घेऊन तुम्ही मला काय देणार?"

नवरा हळूच म्हणाला, "सर, तुम्ही हे आधी का नाही..." आणि त्यानं वाक्य सोडून दिलं. घरात आलेल्या म्हाताऱ्या माणसाला आणखी काय बोलणार. त्याऐवजी उंड्याची बशी माझ्याकडे सरकवली.

माझ्यापाशी द्यायला काही नव्हतं. ती जेली केव्हाच वाळून फेकली गेली. ते उंदीर नाहीत. तिचे स्वतःचे डोळे हाच एक साक्षीदार होता, आणि तो मी खोटा ठरवून टाकला होता. म्हणून आता हे लिहून ठेवतो आहे. तिच्यासाठी नाही, ती मानणार नाही. पण कुठेतरी हे असावं: त्या दिवशी तबकातल्या सगळ्या पट्ट्या तिनं बरोबर वाचल्या होत्या, आणि तो जीन कुठे आहे हे आमच्यापैकी फक्त तिला दिसलं होतं.

निघालो तेव्हा ती रस्त्यापर्यंत सोडायला आली. फाटक ओढून घेतलं, दोन पावलं आली, परत जाऊन कडी बघितली. नवऱ्याला आतून ओरडून सांगावं लागलं, "लागली आहे गो!"

आम्ही थांब्यावर उभे राहिलो. बस वळणावरून आली. पुढे पाटीवर ठळक अक्षरांत डिचोली लिहिलेलं होतं, आणि कंडक्टर दारात लटकून तेच नाव कोकणीत ओरडत होता, "दिवचल, दिवचल, दिवचल!"

मी म्हणालो, "कुठली बस आहे, तूच सांग."

तिनं मान किंचित पुढे काढून पाटी बघितली. तिचे ओठ हलले. तिनं वाचलं होतं. मग ती कंडक्टरकडे वळली.

"डिचोलीचीच ना हो ही?"